'ढ' ठरलेलं मूल दीड महिन्यात सावरतं का? उन्हाळी वर्ग आणि आत्मविश्वासाचं गणित

मे महिना उजाडला की सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये निकाल लागतात. गुणपत्रक हातात पडतं, आणि गावाकडची यात्रा, मामाचा गाव, आंबे, विहिरीतलं पोहणं असं सगळं सुरू होतं. वर्गात मागे पडलेल्या मुलांसाठी मात्र हा महिना वेगळा असतो. कुणी क्लास लावतं, कुणी शेतात कामाला नेतं, आणि कुणी "याच्या डोक्यात काही शिरतच नाही" म्हणून नाद सोडतं.

अशा मुलांसाठी मराठीत एका अक्षराचा शब्द आहे. 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून न बदलणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. खरं-खोटं काहीही असो, त्यामागची समजूत मात्र घट्ट आहे. हे मूल आहे तसंच राहणार, ही ती समजूत.

गेल्या काही वर्षांत ही समजूत महाग पडू लागली आहे. पाचवी आणि आठवीच्या निकालावर मुलाचं पुढचं वर्ष ठरू लागलं आहे. त्यामुळे मे-जूनच्या सुट्टीत मुलाला सावरता येतं का, येत असेल तर कसं, हा प्रश्न घरोघरी येऊन ठेपला आहे. त्याचं उत्तर समजून घेऊया.

नियम नेमका काय आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, अशी तरतूद होती. २०१९ साली केंद्र सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची की नाही आणि नापास मुलांना मागे ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोडलं.

महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा सुरू झाली. पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. पाचवीला ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१.

नापास झाल्यावर लगेच वर्ष वाया जात नाही. कायद्यानुसार अशा मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं असतं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते. तिथेही पास झालं नाही, तर मूल त्याच वर्गात राहतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही.

आता कॅलेंडर बघा. निकाल मेच्या आसपास आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू. म्हणजे कायद्याने दिलेले ते दोन महिने जवळपास सगळेच सुट्टीत जातात. 'जादा मार्गदर्शन' हा कागदावरचा शब्द प्रत्यक्षात उन्हाळी वर्गच असतो. तो चांगला चालला तर मूल पुढच्या वर्गात जातं. नुसता उरकला तर तेच मूल पुन्हा पाचवीत बसतं, त्याच्यासोबतची मुलं सहावीत जातात आणि 'ढ' हा शिक्का पक्का होतो.

मूल मागे पडतं ते कुठे?

पाचवीत नापास झालेलं मूल पाचवीत मागे पडलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते दुसरी-तिसरीतच अडकलेलं असतं. पाचवीत फक्त ते कागदावर दिसतं.

'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून गावागावांत घरी जाऊन मुलांची वाचनाची आणि गणिताची पातळी तपासतं. २०२४ च्या 'असर'नुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पाचवीत हे प्रमाण ४४.८ टक्के होतं. २०२२ च्या तुलनेत ही सुधारणाच आहे. तरीही पाचवीच्या वर्गात बसलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा सलग वाचता येत नाही, हा त्याचा अर्थ.

अशा मुलाला पाचवीचं विज्ञान किंवा इतिहास समजत नाही, यात नवल नाही. धडा पुढे सरकतो आणि मूल पहिल्याच ओळीतल्या जोडाक्षरावर थांबलेलं असतं.

यामागे बुद्धीपेक्षा परिस्थितीची कारणं जास्त आहेत. सातारा आणि सांगली हे जिल्हे वरून सुबत्तेचे दिसतात. कृष्णाकाठचा ऊस, तासगावची द्राक्षं, सांगलीची हळद. पण माण, खटाव, जत, आटपाडी हे तालुके दुष्काळी आहेत. तिथून मेंढपाळ कुटुंबं कळप घेऊन बाहेर पडतात, काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. बीड आणि आसपासच्या भागांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी कृष्णाकाठी येतात. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे मधले चार-पाच महिने या मुलांच्या हातून निसटतात.

जत तालुक्यातल्या अनेक गावांत घरी कन्नड बोलली जाते. तिथे मराठी शाळेत आलेल्या मुलाला वाचन आणि भाषा दोन्ही एकदम शिकावं लागतं. मराठी बोलणाऱ्या मुलांचंही घरचं बोलणं आणि पुस्तकातली भाषा एक नसते. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने शब्द बरोबर ओळखलेला असतो, पण वर्ग हसतो. असं दोन-तीनदा झालं की मूल मोठ्याने वाचणंच सोडतं.

गणितातही मराठीचा एक खास अडथळा आहे. 'एकोणतीस' या शब्दात कानावर 'तीस' पडतं, पण लिहिताना सुरुवात २ ने करायची असते. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांचंही तेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी संख्यावाचनाची पद्धत दिली होती आणि त्यावर राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे. संख्यांची नावंच पक्की नसतील तर हातच्याची वजाबाकी जमणार कशी?

आत्मविश्वास येतो कुठून?

"घाबरू नकोस, तुला जमेल," असं मोठी माणसं सांगतात. हेतू चांगला असतो. पण ज्याला तीन वर्षांत एकही धडा वाचता आलेला नाही, त्याने या वाक्यावर विश्वास का ठेवावा?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये या विषयावर महत्त्वाची मांडणी केली. 'हे काम मला जमेल' असं माणसाला वाटण्यामागे चार गोष्टी असतात, असं ते सांगतात. स्वतः ते काम करून बघितल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची मनाची व शरीराची अवस्था. या चारांत सगळ्यात जोर असतो तो पहिल्या गोष्टीत. तोंडी धीर कामाचा असतो, पण त्याला अनुभवाची जोड मिळाली नाही तर तो टिकत नाही.

बंडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. वजाबाकीत कच्च्या आणि गणितात रस नसलेल्या ४० मुलांना त्यांनी वजाबाकीचा सराव दिला. एकूण ४२ पानं, सात बैठका. एका गटाला सांगितलं, प्रत्येक बैठकीत किमान सहा पानं करा. दुसऱ्याला सांगितलं, सातव्या बैठकीच्या शेवटी ४२ पानं व्हायला हवीत. तिसऱ्याला कुठलंच उद्दिष्ट दिलं नाही. काम सगळ्यांना सारखंच होतं. तरी सहा-सहा पानांचा गट वजाबाकीत सगळ्यांच्या पुढे गेला, 'मला जमतं' असं त्या मुलांना जास्त वाटू लागलं, आणि नंतर मोकळा वेळ दिल्यावर त्यांनी आपणहून जास्त गणितं सोडवली.

४२ पानांचा डोंगर दाखवला की कच्चं मूल आधीच हरतं. सहा पानं मात्र आजच संपतात, आणि संपलेली दिसतात.

कौतुक कसं करायचं, यावरही एक प्रसिद्ध अभ्यास आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितलं, "तू हुशार आहेस." काहींना सांगितलं, "तू मेहनत घेतलीस." मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यात सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीचं कौतुक झालेली मुलं पुढे गेली. 'हुशार' हा शिक्काही शेवटी शिक्काच. एकदा अपयश आलं की तो उलटा फिरतो.

मग सुट्टीतच का?

वर्षभर शाळा असताना हे का होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर बिहारमधल्या एका अनुभवातून मिळतं.

१९९५ मध्ये मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. मुलाची इयत्ता बघण्याऐवजी त्याची आजची पातळी बघायची, तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही या संस्थेची पद्धत. २००८ मध्ये बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच जूनच्या सुट्टीत महिनाभर या पद्धतीने वर्ग घेतले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या संशोधक गटाने ते तपासले. त्या एका महिन्यात मुलं वाचनात स्पष्टपणे पुढे सरकली. मात्र शाळा सुरू असताना शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य दिलं, तेव्हा फारसा फरक पडला नाही.

शिक्षक तर तेच होते. मग बदललं काय? शाळा सुरू असताना शिक्षकाच्या डोक्यावर अभ्यासक्रम पूर्ण करण्याचं ओझं असतं. सुट्टीत ते नसतं. 'पाचवीचा सातवा धडा' संपवायचा नसला की पाचवीतल्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचायला देणं शक्य होतं.

पुढे २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात दहा किंवा वीस दिवसांची शिबिरं भरवली गेली. वर्षभरात असे एकूण सुमारे ५० दिवस झाले, त्यात सुट्टीतल्या शिबिरांचे दिवसही होते. शेवटी शिबिरं झालेल्या शाळांमधल्या साधारण निम्म्या मुलांना परिच्छेद वाचता येऊ लागला. शिबिरं न झालेल्या शाळांमध्ये हे प्रमाण साधारण पाव होतं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे अशाच प्रयोगांची मालिका होती.

सुट्टीची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले. लांब उन्हाळी सुट्टीत मुलं साधारण महिनाभराचं शिकलेलं विसरतात, आणि वाचनापेक्षा गणितात हा तोटा जास्त असतो, असं त्यांना दिसलं. तिथली सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते. पण घरी पुस्तक नसलेल्या, वाचून दाखवणारं कुणी नसलेल्या मुलाला दीड महिनाही पुरेसा असतो.

फलटण आणि कुमठे: घराजवळचे धडे

यासाठी बिहारपर्यंत जायची गरज नाही. सातारा जिल्ह्यातच दोन ठिकाणी हे काम उभं राहिलं आहे.

पहिलं फलटणचं. मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. फलटणमध्ये वेगवेगळ्या समाजांची मराठी कशी वेगळी असते, यावर त्यांनी पीएच.डी.चं संशोधन केलं. नंतर त्या फलटणलाच राहिल्या आणि त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं. शाळेत न जाणाऱ्या, आणि जाऊनही वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. मुलाची घरची बोली ही चूक मानायची नाही, तिच्यावरून प्रमाण मराठीकडे जायचं, हा विचार इथे मुळाशी आहे. ज्या मुलाला बोलतानाच गप्प केलं जातं, ते वाचायला धजावत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला कळलेलं होतं.

दुसरं उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचं. 'बीट' म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. इथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू केलं. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या रांगा गेल्या. वर्गाच्या फरशीवर तक्ते आणि संख्यांच्या रेषा आखल्या गेल्या. मुलं गटात, शिक्षक जमिनीवर त्यांच्यासोबत, आणि हातात काड्या, मणी, शब्दपट्ट्या. एकही मूल मागे राहता कामा नये, हे उद्दिष्ट. राज्यभरातून शिक्षक हे वर्ग बघायला आले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा कुमठ्याचं उदाहरण सगळीकडे दिलं गेलं.

फलटण आणि कुमठे ही उन्हाळी शिबिरं नव्हेत. पण उन्हाळी वर्गाला जे हवं असतं ते दोन्हींकडे आहे. मूल जिथे आहे तिथून सुरुवात, आणि ते जे आधीच जाणतं त्याचा मान.

चांगला उन्हाळी वर्ग कसा दिसतो?

समजा, आटपाडीजवळच्या एखाद्या वाडीत पंधरा-वीस मुलांचा वर्ग भरवायचा आहे. ऊन्हामुळे तो सकाळी आठ ते साडेदहा एवढाच चालू शकतो. मग काय करायचं?

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून पाच-दहा मिनिटं तपासायचं. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट यांतलं त्याला कुठपर्यंत वाचता येतं? गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार यांतलं कुठपर्यंत जमतं? ही परीक्षा नव्हे, त्यामुळे गुण नाहीत आणि सगळ्यांसमोर वाचायला लावणंही नाही.

मग गट पातळीनुसार पाडायचे. तिसरीचं आणि पाचवीचं मूल एकाच गटात आलं तरी हरकत नाही. गटांना 'हुशार' आणि 'कच्चा' अशी नावं मात्र द्यायची नाहीत. मुलं दर आठवड्याला एका गटातून दुसऱ्या गटात गेली पाहिजेत. हे सरकणंच त्यांना 'मी बदलतोय' हे दाखवतं.

वाचनात मूळ सगळी मुळाक्षरं, मग पूर्ण बाराखडी, मग शब्द, हा लांबचा रस्ता सोडता येतो. मराठी वाचन शिकवणारे अनेक अनुभवी शिक्षक थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घेऊन लगेच शब्दांवर येतात. क, म, ल, र ही चार अक्षरं आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, माल, लाल, मका हे शब्द होतात. वेलांटी जोडली की काकी आणि मामी येतात. "मामा काम कर" हे वाक्य मूल पहिल्या दोन-तीन दिवसांत वाचू शकतं. पाच वर्षं शाळेत जाऊन पहिल्यांदाच आपण अख्खं वाक्य वाचलं, हा अनुभव दहा भाषणांपेक्षा मोठा असतो.

रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची आणि तिच्यावर गप्पा मारायच्या. वाचता न येणारं मूलही इथे बोलू शकतं, हसू शकतं, शेवट बदलू शकतं. वर्गात त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकतं.

गणितात काड्या आणि दहाचे गठ्ठे घ्यायचे. ४२ मधून १७ काढताना एक गठ्ठा सोडावाच लागतो, तेव्हा हातचा म्हणजे काय ते हाताला कळतं. आठवडी बाजाराचाही उपयोग करायचा. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास इथे आठवतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी अचूक करत होती, पण तीच गणितं वहीतल्या मांडणीत आली की अडत होती. भाजीच्या पाटीवर बसून सुट्टे पैसे बरोबर परत देणारी मुलगी गणितात 'कच्ची' नसते. तिचा तोंडी हिशेब कागदावर कसा मांडायचा, एवढंच तिला दाखवायचं असतं.

आणि कौतुक? "शाब्बास, हुशार आहेस" यापेक्षा "काल रफारावर अडत होतीस, आज 'सूर्य' एका दमात वाचलास" हे जास्त कामाचं. मुलाला नेमकं काय जमलं ते कळतं. चूक झाली तर "चुकलं" म्हणून पुढे जाण्यापेक्षा "कसं केलंस ते सांग" विचारायचं. बऱ्याचदा मूल सांगता सांगता स्वतःच दुरुस्त करतं.

शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी मोठी पदवी लागत नाही. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ दरम्यान 'बालसखी' प्रयोग झाला. त्यात वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या १५-२० मुलांच्या गटाला रोज दोन तास शिकवलं, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागच्या मुलांना झाला. गावातली बारावी झालेली मुलगी, डी.एड. करणारा तरुण, निवृत्त गुरुजी हे काम करू शकतात. आपल्याच गल्लीतली ताई शिकवते, हेही मुलाला धीर देणारं असतं.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण हजेरीची. एप्रिल-मे हा यात्रांचा आणि लग्नसराईचा काळ. तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर आया कामाला असतात, तेव्हा धाकट्या भावंडांना मोठ्या मुली सांभाळतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे पर्यटनाचा हंगाम भरात असतो. अमेरिकेतल्या पाच शहरांत रँड या संस्थेने उन्हाळी वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा स्पष्ट फायदा २० किंवा त्याहून जास्त दिवस आलेल्या मुलांना झाल्याचं दिसलं. त्यामुळे गावच्या यात्रेच्या तारखा बघूनच वर्गाचे दिवस ठरवलेले बरे. धाकट्या भावंडाला सोबत आणायची मुभा दिली, तरी अनेक मुलींची हजेरी वाचते.

दुसरी अडचण वयाची. शिकागोमध्ये १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीच्या नापास मुलांना उन्हाळी वर्ग आणि फेरपरीक्षा सक्तीची झाली. आपल्या नव्या नियमाशी मिळतीजुळतीच ही व्यवस्था. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांच्या २००४ च्या अभ्यासात तिसरीच्या मुलांना त्याचा फायदा दिसला, सहावीच्या मुलांना फारसा नाही. म्हणजे पाचवीचा निकाल लागेपर्यंत थांबणं उशिराचं ठरू शकतं. दुसरी-तिसरीतच अडकलेलं मूल त्याच सुट्टीत हाती घेतलेलं चांगलं.

तिसरी अडचण टिकण्याची. बालसखी प्रयोगात कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला. जूनमध्ये मूल पुन्हा त्याच गतीच्या वर्गात बसलं, तर पुन्हा मागे पडतं.

आणि काही मुलांची अडचण वेगळीच असते. फळ्यावरचं दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, किंवा डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते. चांगला प्रयत्न करूनही तीन-चार आठवड्यांत मूल अजिबात सरकलं नाही, तर तपासणी करून घ्यायला हवी. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची आरोग्य पथकं येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशा मुलाला जादा तास नव्हे, वेगळी मदत लागते.

पालकांनी काय विचारायचं?

मूल नापास झालं असेल, तर शाळेत तीन गोष्टी विचारता येतात. पुनर्परीक्षा कधी आहे? तोपर्यंत जादा मार्गदर्शन कोण, कुठे आणि किती वाजता देणार? आणि आमच्या मुलाला आज नेमकं काय वाचता येतं, कुठलं गणित येतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुणांत न घेता 'शब्द वाचतो, परिच्छेद नाही' अशा भाषेत घ्यायचं. तिथूनच काम सुरू होतं.

खासगी क्लास लावायचा असेल तरी हाच प्रश्न उपयोगी आहे. जो क्लास पाचवीचं पुस्तक पुन्हा पहिल्या धड्यापासून भराभर शिकवतो, तो मुलाला तेच अपयश दुसऱ्यांदा देतो.

घरी करण्यासारखं काम छोटं आहे. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि घरातल्या कुणीतरी नुसतं ऐकायचं. आईला किंवा आजीला स्वतःला वाचता येत नसलं तरी चालतं. "मग पुढं काय झालं?" एवढं विचारलं तरी पुरे. किराणा मालाची यादी, एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, सगळं वाचायला चालतं. आणि पाहुण्यांसमोर "हा आमचा ढ" ही ओळख तेवढी बंद करायची.

शाळा उघडल्यावर नव्या वर्गशिक्षकांना एक कागद द्यावा. मेमध्ये मूल कुठे होतं आणि जूनमध्ये कुठे पोहोचलं, एवढंच त्यावर असावं. अक्षरांवरून शब्दांवर आलेलं मूल अजून पाचवीच्या पातळीला पोहोचलेलं नसतं. त्याला जुलै-ऑगस्टमध्येही रोज थोडा वेळ लागणार असतो. पण दीड महिन्यात एक पायरी चढलेलं मूल पुढची पायरी चढायला तयार असतं, आणि हे त्या कागदावर शिक्षकांनाही दिसतं.